पोकलेन, कॅटरपिलर आणि स्टोव्हचा वायसर

'पोकलेन' हा शब्द मराठीत इतका रुळलाय की ते एका फ्रेंच कंपनीचं नाव आहे हे कुणाच्या गावीही नसतं. 'पोकलेन लावून बांधकाम पाडलं' असं पेपरात वाचतो, तेव्हा तो पोकलेन बहुतेक वेळा पोकलेनचा नसतोच! डालडा आणि झेरॉक्ससारखीच गत. १९७०च्या दशकात लार्सन अँड टुब्रोने या कंपनीच्या सहकार्याने इथे हायड्रॉलिक एक्स्कॅव्हेटर बनवायला घेतले. यंत्रं गावोगाव पोचली आणि नाव भाषेत राहून गेलं.

पण आजचा विषय त्याच्या आधीचा आहे. क्रॉलर ट्रॅक्टर, म्हणजे चाकांऐवजी लोखंडी पट्ट्यांवर चालणारा. पुढे पातं लावलं की झाला बुलडोझर. हे धूड मुंबईत मोठ्या संख्येने आलं ते दुसऱ्या महायुद्धामुळे.

हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो या दोन डॅनिश इंजिनियरांनी १९३८ साली मुंबईत भागीदारी सुरू केली. काम सोपं: डेन्मार्कहून डेअरीची यंत्रं आणायची आणि इथे विकायची. १९४० साली जर्मनीने डेन्मार्क घेतला आणि माल येणंच बंद झालं. मग काय, तीच यंत्रं इथे बनवायला लागले. युद्धात जहाजांच्या दुरुस्तीचं कामही मिळालं. युद्ध संपलं तेव्हा कॅटरपिलरची एजन्सी हातात होती आणि सैन्याने वापरलेली यंत्रं स्वस्तात निघाली होती. ती घ्यायला दोघांच्या खिशात तेवढे पैसे नव्हते, म्हणून भांडवल उभारायला फेब्रुवारी १९४६मध्ये कंपनी स्थापन झाली. म्हणजे आज आपण ज्याला एल अँड टी म्हणतो, त्या कंपनीच्या जन्माचं एक कारण जुने, वापरलेले क्रॉलर ट्रॅक्टर आहे!

पुढे १९४९मध्ये जागतिक बँकेने भारताला १ कोटी डॉलरचं कर्ज दिलं, तेही अशाच ट्रॅक्टरांसाठी. मध्य भारतात कांस गवताने माजलेली जमीन लागवडीखाली आणायची होती. त्याची मुळं इतकी खोल जातात की बैलांच्या नांगराला दाद देत नाहीत.

यंत्रं आली. आता स्पेअर पार्ट?

युद्धाच्या काळातल्या बऱ्याच डोझरांचं पातं वायररोपने उचललं जायचं. मागे विंच, वर पुली. दोर ओढला की पातं वर आणि सोडला की स्वतःच्या वजनाने खाली. दोर तुटला तर दुसरा लावा, विषय संपला. तेलाच्या दाबावर चालणारं पातं आलं आणि एक मोठा फायदा झाला: पातं जमिनीत दाबताही यायला लागलं. हिशोब करून बघा. ४ इंची बोअरच्या सिलिंडरमध्ये दर चौरस इंचाला १००० पौंड दाब असेल, तर दांडा साडेबारा हजार पौंडांनी, म्हणजे साडेपाच टनांहून जास्त जोराने ढकलला जातो. दोराला हे जमत नाही. पण या सोयीची किंमत म्हणजे आता दुरुस्तीला दोर पुरेना. लेथ लागतो, ग्राइंडिंग लागतं आणि हे कळणारा माणूस लागतो.

हा दाब धरून कोण ठेवतं? सील. तुमच्या आजीला विचारा, स्टोव्हचा पंप हवा धरेनासा झाला की ती काय करायची? आतला चामड्याचा वाटीसारखा वायसर काढून तेलात बुडवायची. चामडं नरम झालं की वाटीची कड फुलते, दाब आला की नळीला घट्ट चिकटते. दाब जितका जास्त तितकी पकड घट्ट. हीच युक्ती जोसेफ ब्रामाच्या १७९५च्या हायड्रॉलिक प्रेससाठी वापरली गेली, आणि तिचं श्रेय हेन्री मॉडस्लेला देतात. चामड्यानंतर रबरी ओ-रिंग आली. अमेरिकेत तिचं पेटंट १९३९ साली मिळालं ते नील्स ख्रिस्टेन्सन यांना. जन्माने हेही डॅनिशच, आणि अर्ज केला तेव्हा वय ७२! युद्धात सरकारने हे पेटंट सगळ्या कारखान्यांना खुलं करून दिलं.

आता समजा, अशा एखाद्या जुन्या ट्रॅक्टरच्या सिलिंडरचा दांडा गेलाय. पहिला मोह होतो तो मोजून तसाच दुसरा बनवायचा. इथेच गाडी फसते. तुम्ही मोजताय तो झिजलेला दांडा. जसाच्या तसा उतरवलात तर झीजही उतरवाल. शिवाय यंत्र अमेरिकन, मापं इंचातली. २ इंची दांडा म्हणजे ५०.८ मिमी. बाजारात सहज मिळणारं सील ५० मिमीचं. पाऊण मिमीने काय होतं? सगळं होतं! दांडा ५० मिमीचा केलात तर तो ज्या बुशमधून जातो त्यात फट पडते आणि दाबाखाली सील त्या फटीत घुसून कुरतडलं जातं. म्हणजे बुशही नवा हवा, सीलची खाचही नवी हवी. दांड्यावर हार्ड क्रोमचा पातळ थर देऊन तो आरशासारखा घासायचा. पण सिलिंडरची आतली बाजू मात्र अगदी आरशासारखी करायची नाही. होनिंगच्या बारीक तिरक्या रेघा ठेवायच्या, कारण त्यांत तेल धरून राहतं. म्हणजे एक पार्ट बनवायचा तर शेजारचे चार पार्ट समजून घ्यावे लागतात.

आपल्या धंद्यातल्या लोकांना हे ओळखीचं वाटेल. लिहिणारा कधीच सोडून गेलाय, डॉक्युमेंट नाही आणि ते मॉड्यूल बदलायचंय. कोड कॉपी करता येतो. तो तसा का लिहिला होता, ते कॉपी करता येत नाही.

आणि तेव्हा हे शिकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. १९५७पासून परकीय चलनाची टंचाई, आयातीला परवाना. ६ जून १९६६ला रुपयाचं अवमूल्यन झालं, डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. १०० डॉलरचा पंप रात्रीत ४७६चा ७५० रुपयांना! एल अँड टी आणि कॅटरपिलर यांनी 'ट्रॅक्टर इंजिनियर्स' ही कंपनी १९६०च्या दशकातच काढली होती. ती क्रॉलरच्या पट्ट्यांचे आणि खालच्या सांगाड्याचे भाग बनवायची, कारण जमिनीशी घासून तेच सतत झिजतात. विकणारे बनवणारे झाले ते अशा वाटेने.

खोताच्या वाडीतून नागदेवी स्ट्रीट चालत जाण्याच्या अंतरावर आहे. सील, ओ-रिंग, बेअरिंग, पाइप, सगळं तिथे मिळतं. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. झिजलेला दांडा हातात घेऊन 'हा मुळात किती होता' हे सांगणारा टर्नर आता शोधावा लागतो. ते ज्ञान कॅटलॉगमध्ये नसतं, आणि तो माणूस गेला की चालू शकणारं यंत्रही भंगाराच्या भावाने जातं.

वाडीतल्या घरांचंही तेच. दादोबा वामन खोतांनी ईस्ट इंडियन कुटुंबांना विकलेल्या जागांवर उभी राहिलेली ही लाकडी घरं एकेकाळी साठच्या वर होती, आता निम्मीही नाहीत. लाकूड आजही मिळतं. पण जुना कठडा बघून तो सांधा तसाच का कापला होता हे ओळखणारा सुतार मिळाला, तरच ते घर दुरुस्त होतं. नाहीतर पोकलेन आहेच.