लुडोगोरेत्स (रझग्राड)

'लुडोगोरेत्स' हा ईशान्य बल्गेरियातील रझग्राड या छोटेखानी शहराचा फुटबॉल-क्लब. २०१० साली किरिल दोमुस्चिएव्ह या उद्योगपतीच्या हाती त्याची सूत्रे गेली तेव्हा तो दुसऱ्या श्रेणीत होता. परंतु वरच्या श्रेणीतील पहिल्याच, म्हणजे २०११-१२ च्या, हंगामात अजिंक्यपद व राष्ट्रीय चषक हस्तगत करून त्याने लेव्हस्की आणि त्सेस्का या सोफियाच्या मातब्बरांना मागे टाकले. द्रव्यबळाचा हा महिमा, हा आक्षेप रास्त आहे; तो पुरेसा मात्र नाही. २७ ऑगस्ट २०१४ रोजी चॅम्पियन्स लीगच्या पात्रता-सामन्यात, बुखारेस्टच्या स्टेआउआ संघाविरुद्ध, गोलरक्षक स्तोयानोव्ह ११९ व्या मिनिटाला लाल कार्डामुळे बाहेर गेला आणि बदली खेळाडूंची मुभाही संपलेली असल्याने कोस्मिन मोत्सी या रुमानियन बचावपटूने गोलरक्षकाचा सदरा व हातमोजे चढवले, पेनल्टी-शूटआउटमधील पहिली पेनल्टी स्वतः मारून गोल केला आणि नंतर प्रतिपक्षाच्या दोन अडवून सामना जिंकून दिला. मोत्सी हा पूर्वी स्टेआउआच्या हाडवैरी दिनामो संघाचा शिलेदार होता, हे विसरू नये. रझग्राडच्या मैदानातील एका स्टँडला पुढे त्याचे नाव देण्यात आले. सामना मात्र झाला होता सोफियात.