विस्कटलेले केस आणि बांधलेली शेंडी

पालखीच्या रात्री देवळाच्या सभामंडपात वडीलधारी मंडळी खांबांना टेकून बसली की तरुणांच्या डोक्यावरील केस हा टीकेचा हमखास विषय होतो. तेल लावून चापून बसविलेले केस पाहण्याची ज्यांच्या डोळ्यांना सवय, त्यांना मेणासारखा पदार्थ बोटांनी चोळून मुद्दाम पिंजारलेले केस बेशिस्तीचे लक्षण वाटावे, यात नवल नाही. परंतु आरशासमोर तिष्ठत उभे राहून, एकेक बट हाताने उभी करून आणलेल्या अव्यवस्थेला आळस तरी कसे म्हणावे? इतिहास पाहता, मुद्दाम विस्कटलेल्या केसांमागे बहुधा काहीतरी निश्चय असतो.

आपल्या वाङ्मयात तर मोकळ्या केसांना प्रतिज्ञेचाच अर्थ आहे. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ नाटकातील चाणक्य नंदकुळाचा उच्छेद झाल्यावरही आपली शिखा मोकळीच ठेवतो. राक्षसाने चंद्रगुप्ताचे अमात्यपद स्वीकारल्यावरच ती बांधली जाते. सुटलेली शिखा हे तेथे अपुऱ्या राहिलेल्या कार्याचे चिन्ह आहे.

केसांना लेप लावून आकार देण्याची कलाही फार प्राचीन. 2003 साली आयर्लंडमधील मीथ परगण्यात, क्लोनीकॅव्हन येथील दलदलीत सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वीच्या एका पुरुषाचे शव सापडले. त्याचे केस डोक्यावर उंच उभे केलेले होते, व वनस्पतिजन्य तेल आणि पाइन वृक्षाची राळ यांच्या मिश्रणाने ते तसे राखले होते. ती राळ नैऋत्य फ्रान्स किंवा स्पेनमधून आणलेली असावी, असे संशोधक मानतात. म्हणजे केस उभे राहावेत एवढ्यासाठी त्या काळी समुद्रापलीकडून माल येत होता!

‘पोमेड’ हा शब्द मात्र पुष्कळ अलीकडचा. इटालियन भाषेत ‘पोमो’ म्हणजे सफरचंद. जुन्या सुवासिक लेपांत सफरचंदाचा गर घालीत, यावरून हे नाव पडले. अठराव्या शतकातील युरोपात डुकराची वा मेंढीची चरबी सुगंधित करून पोमेड बनवीत. अस्वलाच्या चरबीला तर विशेष मान असे. ते लावण्याचा हेतू केस विस्कटावेत हा नसून, वरून भुरभुरलेली पांढरी पूड केसांना व टोपांना चिकटून राहावी, हा होता. ही पूड प्रायः गव्हाच्या सत्त्वाची असे. श्रीमंताच्या डोक्यावर शोभेला जाणारे धान्य गरिबाच्या ताटातले होते, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

पॅरिसमध्ये राज्यक्रांती होऊन दोन वर्षे लोटली होती. 1791 साली तेथील विख्यात नट ताल्मा हा व्हॉल्तेरच्या ‘ब्रूटस’ नाटकात टायटसची भूमिका करण्यास रंगमंचावर आला, तो टोप व पूड टाकून, प्राचीन रोमन पुतळ्यांप्रमाणे आखूड कापलेल्या केसांनिशी. लवकरच तरुण मंडळी तसेच केस कापून घेऊ लागली, आणि या पद्धतीस टायटसचेच नाव मिळाले. टोप हे सरदारांच्या जुन्या राजवटीचे चिन्ह. मोकळे, आखूड, कपाळावर विस्कटलेले केस हे प्रजासत्ताकाचे. कात्रीने जणू राजकीय मत व्यक्त केले!

इंग्लंडात हीच गोष्ट कराच्या मार्गाने घडली. फ्रान्सशी चाललेल्या युद्धाचा खर्च भागविण्यासाठी पंतप्रधान पिट यांनी 1795 साली केसांची पूड वापरणाऱ्यांवर वर्षाला एक गिनी, म्हणजे 21 शिलिंग, कर बसविला. त्याच वर्षी धान्याची टंचाई होऊन पावासाठी दंगे उसळले. पिट यांचे विरोधक बेडफर्डचे ड्यूक यांनी मित्रांसह पूड टाकून दिली व केस आखूड कापले. कर भरणाऱ्यांना लोक थट्टेने ‘गिनी-पिग’ म्हणू लागले. पूड झपाट्याने मागे पडली. कर मात्र कागदोपत्री 1869 पर्यंत राहिला.

पूड गेली तरी पोमेड गेले नाही. त्याचे काम तेवढे पालटले. आता ते बटांना वाऱ्याने उडाल्यासारखे वळण देऊ लागले. कवी बायरनच्या बेफिकीर कुरळ्या केसांचे सर्वांना कौतुक. पण त्याचा समकालीन ग्रोनो याने आपल्या आठवणींत नोंदविले आहे की, एका मित्राने बायरनला सकाळी गाठले, तेव्हा त्याचे केस कागदाच्या पट्ट्यांत गुंडाळलेले होते! सहजता ही किती कष्टाने साधावी लागते, याचे याहून बोलके उदाहरण शोधूनही मिळणार नाही.

याच काळात लंडनच्या रोलंड नामक केशकर्तकाचे ‘मकॅसर तेल’ इतके खपले की, खुर्च्यांच्या पाठींना डाग पडू नयेत म्हणून घातल्या जाणाऱ्या रुमालाला इंग्रजीत ‘अँटिमकॅसर’ हेच नाव पडले. मकॅसर हे सेलेबीस बेटावरील बंदर. ज्या झाडाच्या बियांच्या तेलाला हे नाव आहे, ते आपल्या सह्याद्रीच्या रानातील कोशिंबच होय. पुढे 1872 साली अमेरिकेत चेसब्रो यांनी व्हॅसलिनचे पेटंट घेतले, आणि 1928 साली बर्मिंगहॅममध्ये ब्रिलक्रीम निघाले. तेलाने केस बसतात. मेण घट्ट असल्यामुळे बटा एकमेकींना धरून उभ्या राहतात. आजच्या तरुणाच्या डबीतील मेणाचे रहस्य एवढेच.

आता आपल्या घराकडे वळू. पिट यांच्या कराच्या कितीतरी आधी, 1704 साली, गोव्यातील पोर्तुगीज सत्तेने हिंदूंवर ‘शेंडी-कर’ बसविला, आणि तो 1840 पर्यंत चालला. म्हणजे पंचेचाळीस वर्षे जगात केसांवरचे हे दोन कर एकाच वेळी चालू होते. पण दोहोंत केवढे अंतर! लंडनच्या श्रीमंताने चैनीसाठी गिनी दिली. ती वाचविण्यास त्याला पूड झटकणे पुरेसे होते. गोव्यातील हिंदूकडून जे मागितले जात होते, ते त्याच्या धर्माचे मोल होते. ज्यांच्या पूर्वजांनी सोळाव्या शतकात देवांच्या मूर्ती नदीपार अंत्रुजात नेल्या, त्यांनी एकशेछत्तीस वर्षे हा भार सोसला, पण शेंडी राखली.

पुढे कर गेला, आणि कालांतराने कोणी सक्ती केली नसताना बहुतेकांच्या डोक्यावरची शेंडीही गेली. टीका करणाऱ्या आम्हां वडीलधाऱ्यांपैकी किती जणांनी ती राखली आहे? तेव्हा पालखीला खांदा देण्यास पुढे येणाऱ्या मुलाचे केस पिंजारलेले दिसले, तर त्याला रागे भरण्यापूर्वी क्षणभर थांबावे, आणि जवळ बसवून शेंडी-कराची ही हकीगत सांगावी. केसांची ठेवण पिढीगणिक पालटणारच. त्यासाठी पूर्वजांनी मोजलेली किंमत मात्र विसरली जाऊ नये.