अजेंडा सेटिंग (मुद्देनिश्चिती)

मतदारांना कोणते प्रश्न महत्त्वाचे वाटतात आणि कोणते दुय्यम, हा क्रम वृत्तमाध्यमे व उमेदवार यांच्यामुळे कसा लागतो, हे सांगणारा जनसंज्ञापनातील सिद्धांत. त्याची मुळे वॉल्टर लिपमन यांच्या १९२२ मधील लेखनात आढळतात. माध्यमे मत बदलू शकली नाहीत तरी विचाराचा विषय पुरवतात, ही मांडणी बर्नार्ड कोहेन यांची (१९६३).

चॅपेल हिल पाहणी : १९६८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत निक्सन, हम्फ्री आणि वॉलेस रिंगणात होते. मॅक्सवेल मॅकोम्ब्स व डोनाल्ड शॉ यांनी नॉर्थ कॅरोलायनातील चॅपेल हिल या विद्यापीठाच्या गावी, मत पक्के न झालेल्या १०० मतदारांच्या मुलाखती घेतल्या. राजकारणी काहीही म्हणोत, सरकारने कोणत्या दोन-तीन गोष्टी हाती घ्याव्यात, असे त्यांना विचारले. त्याच सुमारास डरॅम व रॅलीची दैनिके, न्यूयॉर्क टाइम्स, टाइम, न्यूजवीक आणि एनबीसी-सीबीएसची सायंकाळची बातमीपत्रे यांतील मजकूर मोजला. परराष्ट्र धोरण, कायदा-सुव्यवस्था यांसारख्या मुद्द्यांच्या ठळक बातम्या आणि मतदारांचे अग्रक्रम यांत ०.९६७ इतका सहसंबंध निघाला. आकडा डोळे दिपवणारा आहे; मात्र तो मूठभर मुद्द्यांच्या गटांवरून काढलेला आहे, हे तो उद्धृत करताना सहसा सांगितले जात नाही. एखाद्या उमेदवाराकडे झुकलेल्यांचे अग्रक्रमही बहुधा त्या उमेदवाराच्या बातम्यांपेक्षा सर्वांच्या एकत्रित बातम्यांशी अधिक जुळले. निष्कर्ष १९७२ मध्ये पब्लिक ओपिनियन क्वार्टर्लीत प्रसिद्ध झाले.

कार्यकारणभाव : सहसंबंधावरून कोण कोणामागे गेले, ते कळत नाही. रे फंकहाउसर यांनी १९७३ मध्ये दाखवले, की व्हिएतनाम युद्ध व शहरी दंगली यांच्या बातम्यांचा भर प्रत्यक्ष घटना शिगेला पोचण्याआधीच ओसरू लागला होता. लोकांची चिंता घटनांपेक्षा बातम्यांबरोबर चालली. शांतो अय्यंगार व डोनाल्ड किंडर यांनी (१९८७) बातमीपत्रांत निवडक बातम्या घालून प्रयोग केले. त्यांतून माध्यमेच लोकांचे अग्रक्रम घडवतात, याला बळकट पुरावा मिळाला.

उमेदवार : आपल्या पक्षाची पत ज्या मुद्द्यावर आहे, तोच मुद्दा उमेदवार लावून धरतो (जॉन पेट्रॉसिक, १९९६).

मर्यादा : हॅरॉल्ड झुकर यांच्या मते (१९७८) जो प्रश्न रोज अनुभवाला येतो, त्यावर माध्यमांचा प्रभाव कमी. १९९८ च्या दिल्ली विधानसभा निवडणुकीत गाजलेले कांद्याचे भाव या वर्गात मोडतात : ते मंडईतच कळत होते.

महाराष्ट्र : २००९ च्या विधानसभा निवडणुकीतील ‘पेड न्यूज’ची, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांची, चर्चा बरीच झाली. बातमी आणि जाहिरात यांतील रेषाच पुसलेली असल्याने चॅपेल हिलची मोजणी तेथे जशीच्या तशी लागू करता येत नाही.