मुळशीचे सेनापती

आपल्यापैकी बहुतेकांनी शाळा संपल्यावर पौडहून एस.टी.ने पुणे गाठले. कुणी नोकरीला गेले, कुणी कॉलेजला. पुण्यात सेनापती बापट रस्त्यावरून आपण शेकडो वेळा गेलो असू. पण या नावातली 'सेनापती' ही पदवी आपल्या मुळशी खोऱ्यात मिळालेली आहे, हे आपल्या बॅचमधल्या किती जणांना ठाऊक होते? स्मरणिकेच्या निमित्ताने हे लिहून ठेवावेसे वाटले.

पांडुरंग महादेव बापट मुळशीचे नव्हते. त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेरला झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून १९०४ मध्ये ते शिष्यवृत्तीवर एडिंबरोला इंजिनिअरिंग शिकायला गेले. तिथे इंग्रजी राज्याविरुद्ध बोलल्यामुळे शिष्यवृत्ती गेली. मग लंडनचे इंडिया हाऊस, सावरकरांची सोबत, आणि पॅरिसला जाऊन रशियन क्रांतिकारकांकडून बाँबची विद्या. १९०८ मध्ये ते परतले, पुढची काही वर्षे भूमिगत राहिले, इंदूरला पकडले गेले आणि पुराव्याअभावी सुटले. एखाद्या कादंबरीला पुरेल एवढे साहस तिशीच्या आसपासच घडून गेले होते.

नंतर मात्र हा माणूस पारनेरला घरी आला. हातात झाडू घेऊन गावचे रस्ते झाडू लागला. नोव्हेंबर १९१४ मध्ये मुलगा झाला, तेव्हा बारशाचे पहिले जेवण त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना वाढले. त्या काळात ब्राह्मण घरात ही साधी गोष्ट नव्हती. मला तर पॅरिसपेक्षा यालाच जास्त धाडस लागले असेल असे वाटते. पुढे संसारासाठी पुण्यात 'चित्रमय जगत', 'मराठा' अशा ठिकाणी नोकऱ्या केल्या.

टाटा कंपनीने मुंबईच्या विजेसाठी मुळा-निळा नद्यांवर धरण आखले आणि मावळ्यांची भातखाचरे बुडणार हे दिसू लागले. १६ एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशी सत्याग्रह सुरू झाला. 'जान किंवा जमीन' ही घोषणा तेव्हाची. विनायकराव भुस्कुटे यांनी लोक जागे केले, बापट त्यांच्याबरोबर उभे राहिले. बायामाणसे बांधकामाच्या जागी जाऊन बसली, मार खाल्ला, तुरुंगात गेली. लोकांनी बापटांना सेनापती म्हटले ते याच लढ्यात.

लढा हरला, हे आडपडदा न ठेवता सांगितले पाहिजे. आणि तो केवळ सरकारमुळे हरला नाही. पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. मोबदला मिळतो म्हटल्यावर त्यांच्यातले बरेच जण राजी झाले. कसणारा मावळा मात्र कर्जात होता, त्याच्या हाती काय येणार? हिंजवडीपासून इकडे कोळवणपर्यंत गेली काही वर्षे जे व्यवहार चालले आहेत ते पाहताना हा भाग मला पुन्हा पुन्हा आठवतो.

बापट मुळशीसाठी तीनदा तुरुंगात गेले. शेवटची शिक्षा सात वर्षांची. १९२४ च्या अखेरीस सत्याग्रह मोडत आला असताना त्यांनी काही साथीदारांसह धरणाच्या कामाची रेल्वे अडवली, त्याबद्दल ती झाली. ते १९३१ मध्ये सुटले. घरचा हिशोब मांडून पाहा: सत्याग्रह सुरू झाला तेव्हा मुलगा सहा वर्षांचा, वडील शेवटचे आत गेले तेव्हा दहाचा, बाहेर आले तेव्हा सोळाचा. थोड्याच महिन्यांत एका भाषणावरून पुन्हा शिक्षा झाली आणि सुटका १९३७ मध्ये. बापटांच्या चरित्रात त्यांच्या घरच्यांच्या वाट्याला फार थोडी पाने येतात. पण मुळशीसाठी जे दिले गेले त्यात त्या घराचाही वाटा होता. त्यांना बुडणारे एक खाचरही नव्हते.

पुढे १५ ऑगस्ट १९४७ ला पुण्यात तिरंगा फडकवण्याचा मान त्यांना मिळाला. १९५५ च्या मे महिन्यात नानासाहेब गोरे यांच्याबरोबर गोव्याच्या सत्याग्रहात पहिल्या तुकडीतून शिरले, तेव्हा त्यांचे वय ७४ होते. आपल्यातले काही जण साठीतच गुडघ्यांची तक्रार करतात, म्हणून मुद्दाम सांगितले.

२८ नोव्हेंबर १९६७ रोजी ते गेले. तेव्हा मुळशीचे पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात पडू लागून चाळीस वर्षे झाली होती.