तिकिटावरील राणीचें वय

मनुष्य एका दिवसांत म्हातारा होत नाहीं. मालिकेंतील पात्रास मात्र क्षणांत व्हावें लागतें. 'द क्राउन' या मालिकेंत राणी एलिझाबेथची भूमिका पहिल्या दोन पर्वांत (२०१६–१७) क्लेअर फॉय हिनें केली. तिसऱ्या पर्वांत (२०१९) ती ऑलिव्हिया कोलमनकडे आली. त्या पर्वाच्या आरंभीं, १९६४ सालच्या प्रसंगांत, टपालाच्या तिकिटांवरील जुनें तरुण व नवें प्रौढ अशीं दोन मुखचित्रें राणीपुढें ठेवितात. कॅमेरा तीं शेजारीं शेजारीं दाखवितो आणि नटी बदलल्याची कबुली निमूटपणें देतो. कंबरेशीं आवळ झग्यांच्या जागीं सरळ, सैल पोशाख येतात. त्यांत वय किती आणि बदललेली रीत किती, हें मात्र सांगतां येत नाहीं.

प्रत्यक्ष इतिहास याहून निराळा आहे. १९६७ सालीं निघालेल्या तिकिटांवरील, अर्नोल्ड मेचिन यांनीं घडविलेलें मुख राणीच्या मृत्यूपर्यंत (२०२२) बदललें नाहीं. नाण्यांवरील मुख मात्र १९५३ नंतर चार वेळां बदललें व वयाबरोबर प्रौढ होत गेलें. तिकिटानें जिला पंचावन्न वर्षें तरुण ठेविलें, तिचें वय मालिकेनें तिकिटावरच उघड करावें, यांत मोठें मर्म आहे. पन्नाशी उलटलेल्या मला तरी नाण्याचा प्रामाणिकपणाच अधिक भावतो.