दिंडांचे चिनी भाऊबंद

संध्याकाळी वाशीमच्या रस्त्यावर खाण्याच्या गाड्या लागल्या, की तेलाच्या कढयांच्या रांगेत मोमोची गाडी लांबूनच ओळखू येते. खाली एक शेगडी, तिच्यावर पाण्याचं भांडं आणि त्यावर एकावर एक चढवलेली भोकाभोकांची पात्रं. झाकण उचललं की आधी वाफेचा लोट, मग आतले पांढरे मोमो. मैद्याची पातळ पारी, पोटात पत्ताकोबी, गाजर, सोयावडीचा चुरा आणि सोबत लालभडक चटणी. तळणीचं तेल वाचतं, एकाच जाळावर तीन-चार थर शिजतात. म्हणूनच ही प्लेट कॉलेजच्या पोरांच्या खिशाला झेपते.

मोमोचं कूळ शोधायचं तर चीनच्या गव्हाच्या पट्ट्यात जावं लागतं. तिथे आंबवून उकडलेल्या पिठाच्या बिनसारणाच्या गोळ्याला ‘मान्थोऊ’ म्हणतात आणि सारण भरलेल्याला ‘बाओझ’. उत्तर चीनच्या बोलींत अशाच उकडलेल्या पावाला ‘मोमो’ असंही नाव आहे. तिबेटी लोक मात्र ‘मोग-मोग’ म्हणतात, तो सारण भरलेला पदार्थ. दक्षिणेकडच्या कँटनी चहाघरांत चहाबरोबर जे लहान लहान पदार्थ येतात, ते डिमसम. त्या पंगतीतही बाओ असतोच.

मान्थोऊच्या जन्माची एक गोष्ट चीनमध्ये घरोघरी सांगतात. इसवी सन 225 मध्ये सेनापती झुगे लियांग दक्षिणेच्या मोहिमेवर असताना वाटेत खवळलेली नदी आडवी आली. नदीला माणसांची मुंडकी वाहावी लागतील, असं स्थानिकांनी सांगितलं. त्याने मांस भरलेले कणकेचे गोळे डोक्याच्या आकाराचे करून वाहिले. गोष्ट झकास आहे, पण ती लिहून ठेवली गेली काही शतकांनी. मान्थोऊचा खराखुरा जुना उल्लेख शू शी या कवीच्या पिठाच्या पदार्थांवरच्या रचनेत सापडतो. ती इसवी सन 300 च्या आसपासची.

पदार्थापेक्षा भांडं कितीतरी जुनं. तळाला भोकं असलेलं ‘झंग’ हे मातीचं वाफपात्र चीनमध्ये नवाश्मयुगीन वस्त्यांच्या उत्खननात सापडलं आहे. गहू दळायची जाती पुढे रुळली तेव्हा वाफेची सवय आधीपासूनच अंगवळणी पडलेली होती. पश्चिमेकडे कणीक भट्टीत गेली, चीनमध्ये ती वाफेवर चढली.

या भांड्याचा आपल्याकडे अभाव आहे, हे एका चिनी माणसानेच टिपून ठेवलं. ह्युएन त्संग 641 च्या सुमारास महाराष्ट्रातून गेला. तेव्हा इथे दुसऱ्या पुलकेशीचं राज्य होतं आणि वाकाटकांचं वत्सगुल्म, म्हणजे आजचं वाशीम, राजधानीचा मान गमावून बसलं होतं. 646 मध्ये पुऱ्या झालेल्या प्रवासवृत्तात, भारतीयांच्या घरगुती सामानाचं वर्णन करताना तो सांगतो, की या लोकांकडे हंडे-कढया आहेत, पण वाफपात्र त्यांना ठाऊक नाही.

पण वाफेला खास पात्रच लागतं असं थोडंच आहे! नागपंचमीला चिरू नये, तळू नये, तवा चढवू नये, अशी रीत आहे. मग त्या दिवशी पुरणाची दिंडं होतात: कणकेची पारी लाटायची, मधे पुरण ठेवून चौकोनी घडी घालायची, गंजात पाणी उकळून वर चाळणी ठेवायची आणि तीत ती वाफवायची. डाळीचे फुणकेही असेच उकडतात. मोदक विदर्भात बहुधा तळणीचा. उकडीचा मान कोकणाकडे. म्हणजे वाशीमच्या स्वयंपाकघरात मोमोचा सख्खा नसला तरी शोभेल असा भाऊबंद दिंडच.

तिबेटी मोमो विदर्भात येऊन पन्नासहून अधिक वर्षं झाली. 1959 नंतर भारतात आलेल्या तिबेटी निर्वासितांपैकी काहींना 1972 मध्ये तेव्हाच्या भंडारा, आजच्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ जमीन मिळाली आणि नोर्ग्येलिंग ही वसाहत उभी राहिली. गाडीवरच्या मोमोची वाट मात्र वेगळी. तो दार्जिलिंग, सिक्कीम, दिल्ली अशा ठिकाणांहून वेष बदलत आला. मेयोनीज आणि तंदुरी मोमो ही त्याला भारतीय शहरांची देणगी.

राहिली पोटातली सोयावडी. सोयाबीनमधून तेल काढून उरलेल्या पिठाची ती बनते आणि सारण स्वस्तात भरीव करते. सोयाबीनचं मूळ घरही चीनच. आणि वाशीम जिल्ह्यात खरिपाचं सर्वाधिक क्षेत्र आज याच पिकाखाली असतं.