नर्सिंगच्या मुली रात्री काय बोलायच्या?

तुमच्यापैकी कोणी नर्सिंगच्या शिक्षणावर प्रबंध करणार असेल, तर आधी एक चित्र डोळ्यांपुढे आणा. तळ्याची एक मुलगी अलिबागला नाहीतर मुंबईला नर्सिंग शिकतेय. वॉर्डातली ड्युटी संपली की रात्री मैत्रिणींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारते, "अगं, सलाइन लावताना शीर सापडतच नव्हती, तू काय केलंस?" सिस्टरांना हे विचारायची भीती वाटते. मैत्रिणीला विचारता येतं.

हे नवीन नाही. नवीन आहे तो फोन.

तळ्याच्या जवळच, मांदाडकडे, कुड्याची लेणी आहेत. तिथल्या एका ब्राह्मी लेखात सोमदेव नावाचा वैद्य लेण्याचं दान देतो. त्याचा बाप इसिरखितही वैद्यच. म्हणजे विद्या घरातून आलेली. लेखात सोमदेवाच्या मुलींचीही नावं आहेत: इसिपालिता, पुसा, धम्मा, सपा. त्या औषधं कुटायला शिकल्या का, याबद्दल दगड गप्प आहे. हे नीट लक्षात ठेवा. दान नोंदलं गेलं, शिकणं नाही.

आता एकदम मुंबईत या. कामा रुग्णालय 1886 चं. मुंबईत 1891 मध्ये प्रशिक्षणाला आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचं नाव नर्सिंगच्या इतिहासांत पहिली भारतीय परिचारिका म्हणून येतं. पुढे 1909 मध्ये रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं. तिथल्या मुली ससूनमध्ये नर्सिंग शिकायच्या, त्यांत कितीतरी विधवा. त्यांच्यासाठी वसतिगृह होतं. मला या सगळ्यात ते वसतिगृहच महत्त्वाचं वाटतं. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावला म्हणून नावं ठेवणाऱ्या समाजातून आलेल्या बायका दिवसभर वॉर्डात राबून एका छताखाली परतायच्या. एकमेकींना काही सांगितल्याशिवाय त्या झोपत असतील का? पण अशा संस्थांचे अहवाल उघडा: मुली किती, पास किती, देणग्या किती.

लंडनला नाइटिंगेलबाईंच्या 1860 च्या शाळेत शिकाऊ मुलींना रोजनिशी ठेवावी लागे. उत्तम साधन, असं वाटेल. पण ती वरच्यांच्या नजरेखालून जाई. वरचे वाचणार म्हटल्यावर तुम्ही काय लिहाल? माझ्या पहिल्या वर्षाच्या प्रगती अहवालात मी तरी खरं लिहिलं नव्हतं.

आपल्याकडे 1929 मध्ये विद्यार्थी परिचारिकांची स्वतंत्र संघटना निघाली. तिची कागदपत्रं उपयोगी आहेत, पण सभेतलं बोलणं आणि खाटेवर बसून केलेलं बोलणं वेगळं.

म्हणून निवृत्त सिस्टरांकडे जा. "प्रशिक्षण कसं होतं?" असं विचारू नका, ठरीव उत्तर मिळेल. "पहिलं इंजेक्शन कोणी दाखवलं?" असं विचारा, आणि मग थांबा.

आजच्या ग्रुपवरचे मेसेज हवे असतील, तर एथिक्स कमिटीची मंजुरी आणि ग्रुपमधल्या प्रत्येकीची संमती घ्या. त्यात रुग्णांबद्दल जे काही असेल ते मुलींनी आधी काढायचं, मग तुम्ही वाचायचं. आणि हे लवकर करा. फोन बदलला की मेसेज जाऊ शकतात.